चारी बाजूंना हुक

मनिलाहून आलेली खोकी उघडली तेव्हा शुक्रवार होता,
म्हापशाचा बाजार भरलेला,
दुकानाच्या पायरीवर कुणीतरी
सुक्या सुंगटांची पाटी टेकवून गेलेलं.
नळकांड्यांत गुंडाळलेले सात कॅनव्हास.
ते ताणायचे, चौकटी घालायच्या,
बुधवारी पणजीला पोचवायच्या.
चित्राबद्दल मला कुणी विचारत नाही.

एरवी माझ्याकडे येतात
शांतादुर्गेचे फोटो, पोरांच्या पदव्या,
पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे,
आणि वारलेली माणसं,
पासपोर्टवरून मोठी केलेली,
थोडी धूसर.

मी चित्र आधी पाठीमागून बघते.
लिगाया माकाराएगची पाठ इस्त्री केल्यासारखी,
एक थेंब पलीकडून आलेला नाही.
उलटलं, तर एक बाई मासे निवडते आहे,
खवल्याखवल्यावर वेगळा उजेड,
मांजर हाकलायला हात उचलला मी.

त्याच्याच शेजारी पडलेलं
तांदळाच्या पोत्यांचं ठिगळकाम,
दाभणाचे आडवेतिडवे टाके, अर्धा शिक्का तसाच ठेवलेला.
डिचोलीला आम्ही याला वाकळ म्हणतो
आणि भिंतीला लावत नाही.
सोबत चिठ्ठी: याला चौकट नको.
मग मी बिल कशाचं करू?
तरी रात्री दोनदा उठून पाहिलं
तो लाल टाका मध्येच का थांबलाय ते.

एका चित्रात बाळ येशू मोटरसायकलवर,
गळ्यात जाईची माळ, हातात मोबाइल,
फेस्तातल्या खाजाच्या दुकानासारखे गुलाबी, पोपटी रंग.
हसू आलं.
मग पाय दिसले, अनवाणी,
सायलेन्सरला भाजलेले.
मी खिळे मोजायला लागले.

एकाच गावची माणसं एकाच तोंडाची असतील
अशी माझी उगाच समजूत.
या सातांतले दोघे तर
एकमेकांशी बोलतही नसावेत.
एकाला सागवानाची पट्टी लागते, एकाला पांढरी, बारीक,
आणि पेन्सिलीच्या त्या हजारो रेषांना,
जवळून नुसतं जाळं, दारातून पाहिलं की डोंगर,
त्यांना फणसाचं पिवळं लाकूड.
ते मी स्वतःहून दिलं, जास्तीचे पैसे न लावता.

संध्याकाळी इनास आला, शेजारचा,
बावीस वर्षं मालवाहू बोटीवर,
निम्मे सोबती तिकडचेच.
त्याला मी खलाशांचं चित्र दाखवलं,
माझ्या हिशेबानं त्याचंच:
डेकवर चौघे पत्ते खेळताहेत, पाठींवर घाम चकाकतो.
"बरें आसा," तो म्हणाला.
"पण एवढं ऊन असतं तेव्हा ड्यूटी असते."

आणि कोपऱ्याकडे वळला.
तिथे नेस्तोर दिमालांताचं ते मोठं,
ज्यात माणूस नाही, वस्तू नाही,
फक्त तांबूस काळा रंग, थरावर थर,
कुठे फोड आलेला, कुठे पत्र्यापर्यंत खरवडल्यासारखा.
मला त्याची चौकट सुचत नव्हती,
वरची बाजू कुठली तेही कळत नव्हतं,
पाठीवर बाण नाही, सही नाही.

इनास तिथे बराच वेळ.
त्याचा अंगठा हवेतच काहीतरी उकरत होता.
"हा गंज," शेवटी म्हणाला,
"मी आणि आर्सेनियोनं खरवडलाय.
आज खरवडा, उद्या परत येतो."
आर्सेनियो कोण, कुठे आहे,
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
जाताना कॅनव्हास दोन्ही हातांनी धरून
उलटा उभा केला.
"वयर हें."

बुधवारी पणजीत गॅलरीच्या बाईंनी
कॅटलॉग बघून तो पुन्हा फिरवला.
फिरवू देत.
चौकट मी चारी बाजूंनी सारखी केली होती,
आणि मागे हुक
वर दोन, खाली दोन.