रकाना क्रमांक सात

रिक्षावाल्याला पत्ता सांगू नका.
उथळसर, अमुक गल्ली, तमुक नाका, काही नको.
'स्पॅनिश बंगला' म्हणा,
तो मान न वळवता मीटर टाकेल.
स्पेन कुठे आहे ते त्याला माहीत नसेल,
मलाही नकाशापुरतंच ठाऊक.

महापालिकेने मला तो मोजायला पाठवलं.
हातात टेप, बगलेत फॉर्म,
फॉर्मात तेवीस रकाने.
सहापर्यंत सोपं गेलं.
मालक: पेझारकर कुटुंब. बांधकाम: एकोणीसशे चौतीस.
सातव्यात विचारलं होतं, शैली.

हनोखभाऊ पायरीवर शेवग्याच्या शेंगा सोलत होते.
मेंटल हॉस्पिटलात छत्तीस वर्षं कंपाउंडर,
आवाज अजूनही झोपेची गोळी देताना असावा तसा.
"लिहा की स्पॅनिश. सगळे म्हणतात."
मग शेंगेची शीर ओढत ओढत,
"आजोबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर.
स्पेन राहू द्या, एडनच्या पुढे गेले नाहीत.
आगबोट कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यात सप्टेंबरच्या पानावर
असं घर. पांढरी भिंत, कमानी, लाल कौलं,
खिडकीत एक बाई, तोंड सावलीत.
सप्टेंबर संपला, त्यांनी पान उलटलं नाही.
चेंदणीच्या मिस्त्रीला दाखवलं, हे बांध.
मिस्त्री म्हणाला, बाई सोडून सगळं होईल."

मी कमानी मोजल्या. पाच.
चार एका मापाच्या, पाचवी चार बोटं अरुंद.
"तिथे चुना संपला होता म्हणतात.
किंवा मिस्त्रीची मुलगी आजारी होती.
दोन्ही ऐकलंय."
फॉर्मात यासाठी रकाना नव्हता.

शिडी लावून वर गेलो.
ज्या कौलांनी बंगल्याला स्पेन चिकटलं
ती नळीची कौलं, आपली, साधी,
कळव्याच्या कुंभाराने चाकावर नळा ओढून
ओला असतानाच उभा चिरलेली.
एकावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा,
चार बोटं आणि गादी, अगदी स्पष्ट.
खाली येऊन सांगितलं तर म्हणाले,
"त्यालाही लिहा. मूळ रहिवासी."

शेजारी अठ्ठावीस मजले, नाव 'कासा सेविया'.
बंगल्याकडे तोंड असलेले फ्लॅट
दोन लाखांनी महाग.
भाऊ अश्दोदला, बहीण दिमोनाला,
फोनवर शुद्ध ठाण्याच्या मराठीत भांडतात,
विकला असतास तर तिघांचं भलं झालं असतं.
हनोखभाऊ ऐकून घेतात,
मग तिकडे पाऊस पडला का विचारतात.

रकाना एकोणीस: दारं, खिडक्या, रंग.
दाराच्या उजव्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर
एक तिरपी पितळी नळी. मी टेप नेला.
"तिला नको," ते प्रथमच उभे राहिले.
"देवाचं नाव आहे आत."
बोटं नळीला लावली, ओठांना लावली,
इतक्या सवयीने की शेंगा दुसऱ्या हातात तशाच राहिल्या.
तिच्याभोवती चौकटीचा रंग उडालेला,
मूठभर जागा, सागाचं लाकूड उघडं.
'मूळ रंगात पुन्हा रंगवावे' असं छापलेलं होतं.
मी तो भाग मोजला नाही.

सातवा रकाना पेन्सिलीने भरला,
साहेबांनी तो पेनाने गिरवला.

आता बंगला यादीत आहे.
हनोखभाऊंना खिळा ठोकायला तीन परवानग्या लागतात.
परवा पालिकेची माणसं आली,
निळा बोर्ड आणला, न विचारता चार खिळे ठोकले.
जागा त्यांनीच निवडली, पाचवी कमान.
बोर्ड इतर चारांच्या मापाचा.
दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं बाहेर येतो.