सहा नंबरचं मशीन

सतरा टॅब उघडे आहेत फेब्रुवारीपासून.
एकात एक मुलगा गोल कोपऱ्यांवर बोलतोय
चाळीस मिनिटं झाली.
एकात रंगांचं चाक फिरतंय.
एक कोर्स अर्ध्या किमतीत, फक्त आज रात्रीपर्यंत,
आणि ती आजची रात्र रोज येते.

मी सगळं जपून ठेवते,
लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ठेवाव्यात तसं.
लागेल कधीतरी.
मुक्ता विचारते, आई, तू शिकतेयस
की नुसती साठवतेयस?

तिला काय सांगू.
नांदेडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं
रक्ताच्या नळ्या लावल्या मी.
लाल झाकण, जांभळं झाकण, राखाडी.
लाइट गेली तरी हात चुकत नसे,
कारण रॅक मीच लावलेला.
त्या रॅकला काही नाव असतं
हे तेव्हा कुणी बोललं नाही.

मग मार्चमध्ये घरचं मशीन बसलं
आणि चादरींची पिशवी घेऊन
मी हॅलिफॅक्सचा तो उभा उतार उतरले,
वाऱ्याला शिव्या देत,
मिसेस ऑग्डनच्या लाँड्रीपर्यंत.

तिथे भिंतभर चिठ्ठ्या.
निळं बॉलपेन, टपोरं अक्षर,
चारी कडांना चिकटपट्टी.

आधी दार लावा. मग नाणं.
लाल दिवा म्हणजे चालू. हो, खरंच.
सहा नंबरला दोनदा दाबा, जरा प्रेमाने.
हे बटण नाही.

हे बटण नाही.
मी हसले मोठ्याने,
मग हसू अर्ध्यात राहिलं.
किती बोटांनी दाबलं असेल ते,
म्हणजे ही चिठ्ठी लागली!
किती जणांनी आजूबाजूला पाहिलं असेल,
कुणी बघितलं तर नाही ना,
आणि बसून राहिले असतील
ओल्या कपड्यांसमोर,
आपल्यालाच काही येत नाही असं समजून.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
मला वाटायचं ही म्हण मागच्याची आहे.
इथे कुणीतरी पुढच्याचा ठेचलेला अंगठा पाहिला होता
आणि उठून बॉलपेन शोधलं होतं.

त्या दिवसापासून वही केली.
लायब्ररीतल्या पुस्तकं परत घेणाऱ्या यंत्रावरची चिठ्ठी,
दवाखान्याच्या दारावरची,
ढकला, ढकला, ओढू नका,
बस स्टँडवरची, पावसात शाई उतरलेली.
जिथे कागद डकवलेला, तिथे कुणीतरी अडलेलं.
सतरापैकी चौदा टॅब मिटले.
रंगांचं चाक ठेवलं. ते आवडतं.

गुरुवारी लेनर्ड येतो, मोज्यांची एक पिशवी घेऊन.
मी त्याला काहीच शिकवत नाही,
शेजारी बसून विचारते,
हे दाबलं तर काय होईल, तुम्हाला काय वाटतं?
तो म्हणतो, काही चांगलं तर नाही होणार, पोरी.
त्रेचाळिसाव्या वर्षी पोरी!
मी ते वहीत लिहून घेते, तारखेसकट.

मिसेस ऑग्डन म्हणाल्या, एवढी बघत असतेस,
तर सहा नंबरसाठी नवी पाटी कर की.
सात कागद फाडले.
बाण मोठा केला, मग लहान,
मग शब्द काढून टाकले,
मग एक परत आणला.
मुक्ताने रंगवलं. श्रीरंगने डोळे मिचकावून
लांबून वाचून दाखवलं.
आठवा कागद डकवला, चारी कडांना चिकटपट्टी लावून,
आणि मागे सरून उभी राहिले
परीक्षेच्या निकालाला राहावं तशी.

लेनर्ड आला. पाटीपुढे थांबला.
चष्मा वर केला, खाली केला.
छान आहे, म्हणाला,
आणि शांतपणे
बाजूचं बटण दाबलं,
जे बटण नाही.

मी वही उघडली.