सेक्टर शून्य

रुवीतल्या टायपिंग सेंटरचा संगणक
सकाळपासून एकच ओळ धरून बसलाय: सिस्टीम सापडत नाही.
मुर्तुझा मुकादम टोपी चुरगाळत विचारतो,
"सगळं गेलं का रे? साडेतीनशे माणसांचे अर्ज होते."

गेलं काहीच नाही.
पेनड्राइव्ह लावतो, काळ्या पडद्यावर उतरतो
थेट तबकडीच्या उंबऱ्याशी.
पाचशे बारा बाइट. एवढ्याशा जागेत
इतकंच लिहिलेलं असतं,
की सुरुवात कुठून करायची.
आता तिथे शून्यं. नुसती शून्यं.

आधी आहे त्याची नक्कल घेतो,
मग हद्दी शोधतो, मोजणीदारासारखा,
कुठला भाग कुठे सुरू, कुठे संपला.
आकडा चुकला तर इथे कुणी "खात्री आहे ना?" विचारत नाही.
शेवटी पंचावन्न, मग एए.
ही दोन अक्षरं नसली तर बाकीचं सगळं खरं असूनही खोटं.

एंटर.
पंखा घरघरतो. मुर्तुझा चहा सांगायला धावतो.

तपासायला म्हणून एक अर्ज उघडतो,
तो निघतो माझाच, गेल्या वर्षीचा.
नाव बरोबर. पासपोर्ट बरोबर.
'कायमचा पत्ता'समोर नुसती आडवी रेघ.

"ही का ओढलीस?"
"तूच म्हणालास,
नंतर सांगतो."