कळकणं

सोहारपासून आत, वादीच्या तोंडाशी आमचं ऑफिस.
तीन पोर्टाकेबिन, खजुराचं एक हट्टी रोप
आणि दारावर पाटी: आमची पुरवठा साखळी हिरवी आहे.

खाणीतून तांब्याचा दगड निघतो, बंदरावर जातो,
पुढे जिथे जायचा तिथे.
माझा दगडाशी संबंध नाही.
दगडाला जे जे लागतं, त्याच्याशी:
टायर, डिझेल, सुरुंगाची दारू, हातमोजे,
कॅन्टीनचा तांदूळ, धूळ बसवायला पाणी.
कुठून आलं, येताना काय जाळत आलं,
रिकामं पिंप परत गेलं की वादीत लवंडलं.

प्रत्येक पुरवठादाराला बेचाळीस प्रश्न.
साठाच्या खाली गेला की नाव कापायचं.
कापायचं म्हणजे विशेष काही नाही,
चौकोनातली एक टिचकी काढायची.
आवाजसुद्धा होत नाही.

दाद रहीम बलुशीचे दोन टँकर. एकाचं दार दोरीनं बांधलेलं.
पाणी तो शुद्धीकरण केंद्रावरूनच भरायचा,
लांब पडायचं, तरी तिथूनच.
विहिरीला हात लावला नाही कधी,
खालच्या गावाचा फलज त्याच विहिरींवर जगतो म्हणाला.
प्रश्न एकोणिसावा: पाण्याचा स्रोत कोणता? पुरावा जोडा.
त्यानं काचेवरच्या झापेमागून पावत्यांची चळत काढली.
उन्हानं भाजून काळ्याठिक्कर.
एकशे बारा पावत्या
आणि एकीवरही अक्षर नाही.

त्रेपन्न गुण.

त्याच्या जागी आले त्यांच्या लेटरहेडवर पान आहे.
एक्क्याण्णव गुण, सगळे दाखले रंगीत.
ते पाणी कुठून भरतात
हे दाखल्यांच्या पलीकडे जाऊन मी पाहिलेलं नाही.
त्या तिमाहीत खर्च उतरला, नफा चढला,
लंडनच्या गिऱ्हाईकानं करार वाढवला,
सादरीकरणात माझ्या नावाची स्लाइड होती. टाळ्या झाल्या.
मला आवडल्या. खोटं कशाला बोलू.

रुकय्या अल-शिझावी आमची पर्यावरण अधिकारी.
एका गुरुवारी तिनं गाडी मधेच वळवली.
टेकडीएवढा काळा ढीग. पायाखाली काचेसारखं वाजणारं.
"जुनी मळी," म्हणाली, "हजार वर्षांपूर्वीची.
इथेच वितळवायचे तांबं."
"जळण?"
तिनं उघड्या डोंगरावरून हात फिरवला.
एक समराचं झाड होतं, दूर,
हजेरीला एकटंच उभं राहिलेल्या मुलासारखं.
"त्यांचाही धंदा तेजीत होता," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली उघडली.

मळीतला एक खडा मी उचलला.
एका कडेला हिरवा.
असला हिरवा मी ओळखते.
भोरला आमच्याकडे पितळी पातेल्याची कल्हई उडाली
की आई त्यात ताक ठेवू द्यायची नाही.
एकदा मी ठेवलं. सकाळी कडेनं हिरवी रेघ.
"कळकलं," म्हणाली, आणि अख्खं ताक मोरीत.
मी विचारलं होतं, एवढ्याशा रेघेनं?
तिनं उत्तर दिलं नाही. पातेलं घासायला घेतलं.

काळ्या पावत्यांतली एक माझ्या खणात राहिली आहे.
का ठेवली, ठाऊक नाही. पुरावा म्हणून ती चालत नाही.
परवा ट्यूबलाइट बदलली, उजेड तिरका आला
आणि काळ्यावर काळी अक्षरं उठली:
तारीख, गॅलन, केंद्राचा शिक्का,
खाली दाद रहीमची वेडीवाकडी सही.
वाचता येतं.
कागद थोडा कलता धरावा लागतो,
एवढंच.

नव्या तिमाहीचा अर्ज पडद्यावर उघडा आहे.
बेचाळीस प्रश्न.
मी अजून पहिल्यावरच.