हेळव्याच्या चोपडीत नाही

लातूरच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
पोटरीला गार जेल फासून मशीन फिरवणारी पोरगी
बोलता बोलता गप्प झाली.
शिरेत रक्त साकळलं होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर
चौकोन काढला, शेजारी गोल.
चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा.
"घरात आणखी कुणाचा पाय सुजला होता?
कुणी असं अचानक?"

मला हेळवी आठवला.
सुगी झाली की निलंग्याकडून बैलावर बसून यायचा,
चोपडी उघडून म्हणायचा,
मन्मथप्पाचा गुरुलिंग, गुरुलिंगाचा शिवमूर्ती...
आणि पायलीभर ज्वारी झोळीत घ्यायचा.
माझं नाव कुठंय, मी विचारलं होतं.
लेकी दुसऱ्याच्या चोपडीत असतात, म्हणाला.
लग्नानंतर ती चोपडीही पाहिली.
नव्हतं.

डॉक्टरांना लेकीही हव्या होत्या.

प्रयागआत्या, सांगितलं मी.
बाळंतपणाचा अकरावा दिवस. बाजेवरून उठली,
पाणी मागितलं, पाणी यायच्या आत गेली.
सुजल्या पायावर बिब्बा घातला होता,
लिंबं उतरवली होती.
मग सासूचं नाव निघालं. काय चारलं, कुणाला ठाऊक.
सव्वीस वर्षं उमरग्याच्या त्या घराशी
आमचं बोलणं नाही.

महालिंगकाका. हैदराबादहून रात्रीची एसटी,
उदगीरला कंडक्टरनं हलवलं तेव्हा गार.
आमच्यात मातीही बसवूनच देतात.
मांडी घालताना एक पाय वळेना,
एवढं मी दारातून पाहिलेलं.

डॉक्टर गोल काळा करत होते, चौकोन काळा करत होते.
पेन अडलं अप्पांवर. ते रोज पहाटे
बोरीच्या रस्त्यानं चार मैल चालतात, ठणठणीत.
त्यांचा चौकोन अर्धा भरला.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. प्रोटीन एस, कमी.
मांजरेसारखं वळण घेतलेलं एक इंग्रजी अक्षर.
आई फोनवर म्हणाली, बघ, तुझ्या बापाकडचंच निघालं.
अप्पा काहीच बोलले नाहीत.
संध्याकाळी नुसते येऊन
माझ्या पायाखाली आणखी एक उशी सारून गेले.

आता गोळी रात्री नऊला. मेच्या उन्हात
मांडीपर्यंत तंग मोजे.
चिठ्ठी मी देवळीत ठेवलीय, अंगाऱ्याच्या डबीखाली,
आणि तिच्यात आत्याच्या काळ्या गोलाखाली
एक कोरा गोल आहे.
त्या अकरा दिवसांच्या पोरीचा.
दिवस गेलेत म्हणे तिला, सातवा चालू आहे.

उमरग्याचा नंबर मिळाला, तिच्या आजीचाच.
रिंग वाजतेय.
त्या म्हातारीला आधी काय सांगायचं,
तुमच्या हातून काही झालं नव्हतं, की
नातीला लातूरला घेऊन या?
आणि त्या पोरीचं नावही मला माहीत नाही.

"कोण बोलतंय?"

मी बैलावर बसल्यासारखी ताठ होते,
गुरुलिंगाची प्रयाग, म्हणते,
प्रयागची भाची मी, शिवमूर्तीची लेक,
फोन ठेवू नका.