झाकण

वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रोडवर
चौतीस वर्षं यांनी पॉवर प्रेस चालवला.
त्यानं एकदा तर्जनीचं पेर घेतलं,
त्याची भरपाई मिळाली.
कान मात्र रोज थोडे थोडे घेतले,
त्याची पावती कुणी फाडली नाही.

नौपाड्यात, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर
शलाका भोईर म्हणून मुलगी बसते.
तिनं यांना काचेच्या खोलीत बसवलं,
आवाज आला की बटण दाबा म्हणाली.
मी बाहेरून पाहत होते.
बराच वेळ हे नुसतेच बसून,
अंगठा बटणावर, नजर माझ्याकडे,
जणू उत्तर मला ठाऊक आहे.
कागदावरची रेघ उतरत गेली
येऊरच्या रस्त्यासारखी.

मुलगा फोनवर म्हणाला, आतलं घ्या, न दिसणारं.
यांनी तुटकं बोट वर केलं,
"हे दिसतंय ना जगाला? मग तेही दिसू दे."
आणि घेतलं कानामागचं, जाड, मोठ्या सेलचं.
बारीक सेल त्या बोटाला सापडलाच नसता.
एकच घेऊ म्हणत होते.
शलाका म्हणाली, चष्मा एका काचेचा करता का, काका?
एक एफडी मोडली.

पहिला आठवडा भांडणाचा.
पेपरची घडी कडाडते, ताटं अंगावर येतात,
स्वतःच्याच चपलांना हे दचकतात.
तलावपाळीवर मशिनात वारा शिरला
तर म्हणाले, कुणीतरी कानात पत्रा फाडतंय.
तीन वेळा ड्रॉवरमध्ये टाकलं,
तीन वेळा मी काढून दिलं.

आता देखभाल माझ्याकडे.
सेलवरचा नारिंगी कागद सोलायचा,
मिनिटभर हवा खाऊ द्यायची, मगच झाकण.
मऊ ब्रशनं मळ झाडायचा,
जाळी तुंबली की बदलायची,
आणि अंघोळीआधी काढलंत का
हे रोज ओरडून –
नाही, ओरडून नाही. तेच तर.
अकरा वर्षं ओरडून माझा आवाजच तसा झालाय.
परवा हे म्हणाले, हळू बोल गं, ऐकू येतंय.
मी प्रयत्न केला.
हळू आवाज मला सापडेना,
जपून ठेवलेल्या गॅसच्या पुस्तकासारखा.

आणि एक सांगायचं राहिलं.
ओट्याशी उभी राहून, पाठमोरी,
या वर्षांत मी पुष्कळ बोललेय.
जावेबद्दल, पैशांबद्दल,
कळव्याच्या न घेतलेल्या खोलीबद्दल,
एकदा तर चक्क शिवी.
भिंतीशी बोलावं तसं.
फक्त ही भिंत मधेच चहा मागायची.

काल आमटी ढवळताना सवयीनं पुटपुटले
आणि मागून आवाज आला,
"कळव्याची खोली मलाही घ्यायची होती."
पळी तशीच हातात राहिली.
आमटी थोडी लागली खाली.
हे काही बोलले नाहीत पुढे, जेवले.

रात्री सेल काढून मशिनं डबीत जातात.
खाडीकडची हवा दमट,
डबीत दाणे असतात पाणी शोषणारे.
डबीचं झाकण मी लावते, गच्च.
मग दिवा मालवून
अंधारात बोलायची माझी जुनी सोय.
काल दोन वाक्यं बोलले खरी,
तिसरं तोंडाशी आलं, ते ठेवून दिलं.
उद्या सांगीन.
आधी सेल बसू देत.