नळाची वेळ

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं.
दिवस ठरलेला, तास नाही.
कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी,
पत्रा इतका तापलेला असताना
की कावळासुद्धा पाय बदलत उभा राहतो.

अम्मा आदल्या रात्रीच पिंपं घासते.
हंडे, कळश्या, वरणाचं पातेलंसुद्धा
दारात ओळीनं उपडं घालते
आणि मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसते.
हजार झाल्या की तिचा दिवस संपतो,
नळ येवो न येवो.

मी एकतीस वर्षांची.
डी.एड. झालं, परीक्षा दोनदा पास झाले,
प्रतीक्षायादीत तीन वर्षं सत्तेचाळिसावी आहे.
हा आकडा आता घरातल्या माणसासारखा झालाय,
जेवायला बसलं की शेजारी बसतो.
दिवसा युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटण करते.
ज्या शाळांनी मला अजून बोलावलं नाही
त्यांची पोरं
माझ्या हातची बटणं लावून वर्गात बसतात.

पद्मिनी येमूल बाळीवेशीत भेटली,
माझ्याच बाकावरची. तिचा मुलगा तिसरीत.
“तुझं काही?” म्हणाली.
त्या ‘काही’त नोकरी, नवरा, घर, सगळंच कोंबलेलं.
“बघू की,” म्हटलं,
आणि पावशेर शेंगाचटणी घेतली, उगाच.

लोक समजूत घालतात:
देव विणतोय गं, आपल्याला उलटी बाजू दिसते,
नुसत्या गाठी, लोंबते धागे.
नान्नांनी चाळीस वर्षं मागावर काढली.
ऐकू कमी येतं, पण हे नेमकं ऐकलं.
म्हणाले, आपल्या चादरीला उलटी बाजू असतीय कुठं?
इकडं तांबडा मोर, तिकडं पांढरा.
दोन्हीकडून मोरच.
कशीबी पांघर.

सोमवारी मार्कंडेयाच्या देवळात गेले.
खरं तर भांडायला.
सोळाव्या वर्षी ज्याचं सगळं संपायचं होतं
त्याच्यापुढं एकतिशीतली मी वेळ मागत उभी.
लाज वाटली. तरी विचारलंच,
तुझा देव आला तेव्हा फास गळ्यात पडला होता ना?
मग यम उंबऱ्यात होता तेव्हा का नाही आला?
पुजाऱ्यानं हातावर खोबरं ठेवलं.
उत्तर कुणीच दिलं नाही.
पायऱ्या उतरताना वाटलं,
त्या पोरानं मिठी सोडली नाही, एवढंच त्याचं काम होतं.
उरलेलं ज्याचं त्यानं केलं.
हे वाटणं फार टिकलं नाही,
विजापूर वेशीच्या सिग्नलपर्यंत.

आज सहावी रात्र.
पाइपलाइन फुटली म्हणे, कुठंतरी मधे.
उजनी ते आमची गल्ली, वाट लांब आहे.
पाणी तिकडून निघालेलं असतं,
तोटीला ते ठाऊक नसतं, इतकंच.

मी विचारलं, अम्मा, येईल का आज?
“वस्तुंदी,” बिडीवरून नजर न काढता.
आमच्या तेलुगूत
‘येतं’ आणि ‘येईल’ यांना हा एकच शब्द.
लहानपणापासून ऐकलेला,
आज पहिल्यांदा
त्याच्याजवळ थोडी बसले.

दोन वाजून गेले असतील.
अम्माचा डोळा लागलेला, सूप मांडीवरच.
तोटी आधी खाकरली,
मग नुसती हवा, लांबलचक, सापासारखी.
थेंब नाही.

पण हवेला मागून
कोण ढकलतंय?

मी उठले.
पहिला हंडा सुलटा केला.